डावीकडची पांढरी, बाकी जांभळ्या

आमचे साहेब स्वतःचा जेवणाचा डबा सील करत. थट्टा करत नाही मी. सकाळी दहाला कचेरीत पाऊल टाकलं की पहिलं काम ते. तीन खणांचा स्टीलचा डबा, त्याला सुतळीची चौकट, गाठीवर वितळलेली लाल लाख आणि लाखेवर सरकारी पितळी शिक्का. दुपारी एकला डबा टेबलावर यायचा. मला आणि आमचे शिपाई नाना यांना पंच म्हणून समोर उभं केलं जायचं आणि साहेब विचारायचे, सील शाबूत? आम्ही म्हणायचो, शाबूत. मग लाख फोडून साहेब मेथीची भाजी खायचे. आधीच्या कुठल्याशा गावी म्हणे कुणीतरी त्यांच्या डब्यातलं भरलेलं वांगं परस्पर लांबवलं होतं. दुसरा माणूस चार दिवस चिडला असता आणि विसरला असता. साहेबांनी त्या एका वांग्यावरून आयुष्यभराचा कायदा केला.

धुळ्यात तेव्हा सरकारी प्रयोगशाळेची एक छोटीशी शाखा होती, भाड्याच्या बंगलीत. आज ती शाखाही नाही आणि बंगलीही नाही, म्हणून मी एवढा मोकळा बोलतोय. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सातपुड्याच्या पायथ्याला पकडलेला गांजा आणि आग्रा रोडवरच्या ट्रकांतून निघालेली अफू, यावर आमची चूल पेटायची. धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांचे पोलीस पुड्या घेऊन यायचे, साहेब त्या तपासायचे आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहायचे. कायदा नवा आणि कडक होता. साहेबांनी ‘आहे’ लिहिलं की माणूस काही वर्षं बाहेरचं ऊन विसरायचा. मी त्यांचा सहायक. वय चोवीस, लग्न नुकतंच झालेलं, आणि नोकरी अजून कायम व्हायची होती. कायम व्हायला साहेबांचा शेरा लागायचा, हे लक्षात ठेवा.

साहेब म्हणजे माणूस काडीसारखा, मान लांब, नाक त्याहून लांब. ते नाक साहेब कशालाही लावत. चहा, पावती, नवी सतरंजी, भेटायला आलेल्या माणसाचा रुमाल. दूधवाल्याचं दूध तर ते आठवड्याला तपासत आणि त्याला नमुना क्रमांक घालून टाइप केलेला अहवाल देत. तो बिचारा सहा महिने तो कागद सरकारी कर्जाचा समजून देवघरात ठेवत होता. उन्हाळ्यात धुळ्याच्या उष्म्याने क्लोरोफॉर्म उडून जातो, म्हणून साहेबांनी बाटलीसाठी एक वेगळा माठ आणला. पिण्याच्या पाण्याचा माठ शेजारी. दोन्ही माठांवर चिठ्ठ्या, दोन्हींवर सील. मे महिन्यात आम्हाला तहान लागली की आधी पंचनामा व्हायचा.

पोलिसांना तर त्यांनी रडवलं होतं. एकदा शहाद्याहून भर उन्हात पुडी घेऊन आलेल्या हवालदाराला त्यांनी परत पाठवलं. का, तर लाखेत एक केस अडकला होता. केस कुणाचा आहे ते लिहून आणा, म्हणाले. हवालदार बाहेर येऊन पायरीवर मटकन बसला आणि नानांना म्हणाला, "हाऊ साहेब देवना परसाद बी सील तोडीसन खाई." हे वाक्य महिनाभरात दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस ठाण्यांत पसरलं. साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, प्रसादाला सील असतं तर चांगलंच झालं असतं.

त्यांचं एक वाक्य मात्र आम्हाला पाठ झालं होतं. कुणी ‘मला वाटतं’ म्हणून तोंड उघडलं की ते हात वर करायचे आणि म्हणायचे, "दिसतं ते लिहा. वाटतं ते बायकोला सांगा." माझ्या बायकोला या वाक्याचा फार त्रास झाला, कारण मी सगळं तिलाच सांगत सुटलो.

आणि चुकांची वही. लांबट, लाल पुठ्ठ्याची. तारीख, चूक करणाऱ्याचं नाव, चूक, साहेबांची सही. ‘परीक्षानळी ओली ठेवली.’ ‘जावक क्रमांक दोनदा दिला.’ ‘कामाच्या वेळी गाणे गुणगुणले.’ पहिल्या वर्षात माझ्या नावावर पाच पानं झाली. नानांच्या नावावर अडीच. वरच्या कार्यालयातून तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याचं नावही त्यात होतं, टेबलावर कोपर टेकवल्याबद्दल. साहेबांच्या नावावर ओळसुद्धा नव्हती. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "केली की लिहीन."

आता त्यांचा सगळ्यात मोठा शोध सांगतो, म्हणजे मग पुढचं कळेल.

गांजाची तपासणी फार अवघड नसते. पानांचा अर्क नळीत घ्यायचा, त्यात ठरलेलं द्रावण घालायचं, वर आम्ल, शेवटी क्लोरोफॉर्म टाकून हलवायचं. गांजा असेल तर नळीच्या तळाला जांभळा रंग उतरतो. साहेब दरवेळी तीन नळ्या लावत. डावीकडे नुसतं द्रावण, म्हणजे ती कोरी. मधे आमच्याकडचा खात्रीचा गांजा. उजवीकडे पोलिसांनी आणलेला माल. मधली आणि उजवी दोन्ही जांभळ्या झाल्या की आरोपीचं कल्याण. इथपर्यंत सगळ्याच प्रयोगशाळा करतात. पण साहेबांना वाटलं, जांभळा रंग तासाभरात फिका पडतो, मग कोर्टाने पाहायचं काय? म्हणून त्यांनी प्रत्येक केसमधल्या तीन नळ्यांचा फोटो अहवालाला जोडायला सुरुवात केली. अशी कल्पना म्हणे दिल्लीतही कुणाला सुचली नव्हती. सुचली नव्हती याला कारण होतं. सरकारने आम्हाला मंजूर केला होता तो काळ्या-पांढऱ्या फोटोंचा रोल.

म्हणजे पुरावा जांभळ्या रंगाचा आणि फोटो बिनरंगी. आता बोला. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. साहेबांनी फोटो रंगवून घ्यायला सुरुवात केली.

पाचकंदील चौकाजवळ एका जुन्या स्टुडिओत एक चाचा बसायचे. उभी हयात त्यांनी नवरानवरीच्या फोटोंवर ब्रश फिरवला होता. गाल गुलाबी, ओठ लाल, शालू हिरवा. रंगीत फोटो आले आणि चाचांचा धंदा बसला. आमच्या नळ्यांनी त्यांना नवं काम मिळालं. सुरुवातीला सवयीने त्यांनी कडेला चुकून आलेल्या नानांच्या चेहऱ्यावरही हात फिरवला, आणि एका केसमध्ये आमचे साठीला टेकलेले नाना गुलाबी गाल घेऊन कोर्टात गेले. नंतर मात्र ठरून गेलं. मी पाकीट नेऊन द्यायचो आणि चाचा म्हणायचे, डावीकडची पांढरी, बाकी जांभळ्या, यही ना? मी म्हणायचो, हो, नेहमीचं.

आणखी एक. फोटोत कुणी अदलाबदल करू नये म्हणून साहेब मागच्या बाजूला सही करत. केव्हा? रंगवायला जाण्याआधी. रंगवून आलेला फोटो ते बघतसुद्धा नसत. रंग हा वकिलांसाठी असतो, म्हणायचे, आपल्यासाठी नळी आहे. रंगीत फोटो मी पाकिटात घालायचो, मी लाख लावायचो. ज्या माणसाला लाखेतला केस दिसायचा त्याने स्वतःच्या सहीचा फोटो कधी उलटून पाहिला नाही. हुशार माणसं अशीच मूर्ख असतात.

आणि इथे चोपड्याकडचा सुपडू आला.

सुपडू दोर वळायचा. कपाशीच्या बांधावर अंबाडी लावायची, तिच्या खोडाच्या वाखाचे बैलांसाठी दोर करायचे आणि पाला वाळवून पोत्यात भरून ठेवायचा, पुढे भाजीला. आता अंबाडीचं पान आणि गांजाचं पान शेजारी ठेवलं तर नवखा माणूस फसतो, बोटांसारखे फाटे दोन्हीला. चोपड्याच्या बाजूला एक नवा फौजदार आला होता, समुद्राकाठचा, मासळीवर वाढलेला. खबर लागली म्हणून त्याने सुपडूच्या घरी धाड घातली, तुळईला टांगलेलं पोतं उतरवलं आणि गांजा सापडला म्हणून जाहीर केलं. सोबतचे हवालदार आठवड्यातून दोनदा अंबाडी खाणारे. पंच गावातलेच. कुणाचीही जीभ हलली नाही. फौजदारसाहेबाने एकदा गांजा म्हटल्यावर त्याला भाजी म्हणायची कुणाची छाती? दुसऱ्या दिवशी पोत्यासकट फौजदाराचा फोटो पेपरात छापून आला आणि मग तर ती भाजी राहिलीच नाही.

सुपडू तुरुंगात गेला. त्याची थोरली बहीण, तिला सगळे अक्काच म्हणायचे, ती चोपड्याहून एसटीने धुळ्याला आली आणि आमच्या पायरीवर बसली. माल कुठे तपासतात हे तिने कुठून काढलं देव जाणे. साहेबांचा नियम होता, पार्टीचं तोंड बघायचं नाही. पुढच्या दाराला पार्टी बसली म्हणून सत्तावन्न वर्षांचा हा माणूस मागची भिंत चढून घरी गेला, डबा आधी पलीकडे टाकून. मी बाहेर आलो. अक्काने पदराखालून एक पुरचुंडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"हाई अंबाडीनी भाजी शे, भाऊ. आमना घरमा बठ्ठा खातस. तुमी खाईसन देखा."

सील नसलेला नमुना आम्ही घेत नाही, असं मी तिला सांगायला हवं होतं. मी तो घरी नेला. बायकोने ज्वारीच्या कण्या घालून भाजी केली, वर लसणाची फोडणी. आम्ही दोघांनी पोटभर खाल्ली. म्हणजे सुपडू निर्दोष आहे हे साहेबांच्या आधी मला कळलं होतं, आणि तेही जिभेने.

आठवडाभराने सीलबंद पुडी आमच्याकडे रीतसर आली. साहेबांनी तीन नळ्या लावल्या. मधली जांभळी झाली, उजवी ढिम्म. त्यांनी दुसऱ्यांदा लावली, तिसऱ्यांदा लावली, भिंगाखाली पानावरची लव पाहिली आणि ‘नाही’ लिहिलं. फोटो काढला. माझ्या हातात पाकीट देताना मुद्दाम म्हणाले, यावेळी फक्त मधली रंगवायला सांगा. मी हो म्हटलं.

त्या दुपारी क्रिकेटचा सामना होता. चाचांच्या समोरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात टीव्ही लावलेला आणि रस्त्यावर ही गर्दी. मी सायकलवरून न उतरता पाकीट चाचांच्या हातात दिलं. चाचांनी विचारलं, नेहमीचं? मी टीव्हीकडे बघत म्हटलं, नेहमीचं. दोन दिवसांनी फोटो आणला, न बघता पाकिटात घातला आणि वर लाख लावली. सुरेख लागली होती लाख, एक केस नव्हता.

तर असा अहवाल कोर्टात गेला. कागद म्हणतो, गांजा नाही. फोटो म्हणतो, उजवी नळी जांभळीजर्द. मागे साहेबांची सही. सरकारी वकिलाला तेवढंच हवं होतं. टाइप करणाऱ्याचा हात चुकू शकतो, म्हणाला, फोटो कसा चुकेल? जामीन नाकारला गेला आणि साहेबांची साक्ष होईपर्यंत सुपडूचा मुक्काम आत राहिला. तारखांवर तारखा पडल्या. चार महिने गेले.

हे सगळं मला अक्कानेच सांगितलं, पुन्हा त्याच पायरीवर बसून. रडत नव्हती. सुपडूच्या वकिलाने तिला फोटो दाखवला होता आणि तिला फक्त एक गोष्ट समजून घ्यायची होती, की कागद चांगला आहे तर फोटो जांभळा कसा. तो सामना, ती सायकल, ते ‘नेहमीचं’, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. आणि मी काय केलं? चौकशी करतो, म्हटलं. आत जाऊन जावक वही उघडून बसलो. साहेबांना सांगितलं नाही. माझ्या नोकरीचा कागद त्यांच्या टेबलावर शेऱ्यासाठी पडला होता आणि बायकोला पाचवा महिना होता. ही कारणं मी स्वतःला इतकी वर्षं देत आलोय. कारणं खरीच आहेत, पण माणूस आत होता.

आणखी दोन-अडीच महिन्यांनी साक्षीचा समन्स आला, त्यात जांभळ्या फोटोचा उल्लेख होता, तेव्हा साहेबांना कळलं. जेवण होताच ते बाहेर पडले. संध्याकाळी मी चाचांकडे धावलो, की बाबा, माझं नाव सांगू नका, तर चाचा ब्रश पुसत म्हणाले, "साहब दोपहर को आके गए. मैंने बोल दिया, आपके आदमी ने नेहमीचं बोला." म्हणजे सगळं त्यांना माहीत झालं होतं. दुसऱ्या दिवशी मी वहीत माझं नाव पडायची वाट पाहत बसलो. साहेबांनी डबा सील केला, एकला फोडला, वरणभात खाल्ला.

जळगावला आम्ही एसटीने गेलो. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. साहेबांच्या मांडीवर पत्र्याची पेटी, तिला अर्थातच सील. मी वाट बघत होतो की आता विचारतील, आता बोलतील. ते मला एरंडोलपर्यंत सांगत होते, की एसटीने तिकिटाच्या पेटीला लाख लावली तर किती बरं होईल.

कोर्टात मी शेवटच्या बाकावर बसलो. पुढे अक्का, पलीकडे पोलिसांमध्ये सुपडू. त्याला मी पहिल्यांदाच पाहत होतो. दोर वळून वळून रुंद झालेले हात, ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. सरकारी वकिलाने साहेबांसाठी वाट सोपी करून ठेवली होती. टायपिंगची चूक म्हणा, मोकळे व्हा. फोटोची पद्धत वाचली असती, जुन्या सगळ्या केस वाचल्या असत्या, आठ महिन्यांनी येणारी निवृत्तीही सुखाची झाली असती. नाही तर दुसरी सोपी वाट मागच्या बाकावर बसलेली होतीच.

साहेबांनी आधी पेटीचं सील न्यायाधीशांना दाखवलं. शाबूत आहे का, विचारलं. न्यायाधीश बिचारे गोंधळून शाबूत म्हणाले. मग साहेबांनी त्यातून त्याच फोटोची न रंगवलेली काळी-पांढरी प्रत आणि निगेटिव्ह काढली. फोटोत मधली नळी काळपट होती आणि कडेच्या दोन्ही स्वच्छ. न्यायाधीशांनी निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, मग या दुसऱ्या फोटोत रंग कुठून आला? साहेब म्हणाले, स्टुडिओत रंगवून घेतला, दरवेळी घेतो. कोर्टात हशा पिकला. फौजदारसुद्धा हसला. सरकारी वकील ताडकन उठला, म्हणजे तुमच्या आजवरच्या सगळ्या फोटोंतले रंग खोटे?

"फोटोतला रंग कधीच खरा नव्हता," साहेब म्हणाले. "खरा रंग नळीत होता. तो मी पाहिला आणि अहवालात लिहिला. अहवाल वाचायचा असतो."

न्यायाधीशांनी फोटो पुन्हा हातात घेतला. "आणि ही उजवी नळी रंगवायला कुणी सांगितलं?"

मला उठता आलं असतं. बाक भिंतीला चिकटलेलं नव्हतं, पायही धड होते. साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही.

"मी," ते म्हणाले.

सुपडू त्या आठवड्यात सुटला. सात महिने आत काढून. पुढच्या सोमवारी अक्का पायरीवर हजर, सोबत सुपडू, हातात वाखाचा नवा दोर आणि ही एवढी थोरली अंबाडीची जुडी, साहेबांना द्यायला. आणि आमचे साहेब? पार्टीचं तोंड बघायचं नाही! डबा पलीकडे टाकला आणि भिंत चढले. दोर आणि जुडी मीच घेतली. अक्का मला म्हणाली, "तुमना उपकार शेत, भाऊ." मी तेही घेतलं. भाजी घरी नेली, पण त्या दिवशी ती बायकोने एकटीनेच खाल्ली.

साहेबांचं पुढे व्हायचं तेच झालं. रंगवलेल्या फोटोंची बातमी वर गेली. खुलासा मागवला, चौकशी बसली, जुन्या केसमधल्या वकिलांनी दंड थोपटले. दोन्ही जिल्ह्यांत पोरंटोरं त्यांना रंगारी म्हणू लागली. चौकशी चालू म्हणून निरोपसमारंभही रद्द झाला. शाल परत केली, पेढे मात्र आणलेले होते, ते आम्ही खाल्ले. शेवटच्या दिवशी साहेबांनी डबा सील केला, एकला आम्हा दोघांना बोलावलं, शाबूत म्हणवून घेतलं आणि जेवले. जाताना माझ्या कायमच्या कागदावर शेरा मारून ठेवला होता, ‘काम समाधानकारक’. मला वाटतं, त्या माणसाने आयुष्यात एवढं एकच वाक्य दिसलं म्हणून नाही, वाटलं म्हणून लिहिलं असेल.

कार्यभार घेताना कपाटात लाल वही सापडली. मी जळगावच्या तारखेचं पान उघडलं. माझं नाव असणार हे धरूनच चाललो होतो. साहेबांच्या त्या कोरीव अक्षरात लिहिलं होतं, ‘सही केलेला फोटो उलटून पाहिला नाही. माणूस सात महिने आत राहिला.’ नावाच्या रकान्यात त्यांचं स्वतःचं नाव, आणि पुढे त्यांचीच सही. मागे-पुढे सगळी पानं चाळली. माझ्या ‘नेहमीचं’ची नोंद कुठेच नव्हती.

शाखा बंद झाली तेव्हा वही मी घरी आणली. आजही कपाटात आहे. त्या अख्ख्या वहीत साहेबांच्या नावावर एकच चूक आहे, आणि ती माझी आहे. नोंदीत दुरुस्ती करायची तर शेजारी तारीख घालून सही करावी लागते, हा त्यांचाच नियम. ती सही मी अजून केलेली नाही.